वरच्या खणातली दोनशे बारा कार्डं

पेनाचं टोपण घरंगळत कपाटाखाली गेलं नसतं, तर कार्डमास्तरांना काहीच कळलं नसतं. साठीच्या माणसाने गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालणं सोपं नव्हे. त्यांनी लांब पट्टी आत सरकवली आणि इकडून तिकडे फिरवली. टोपण बाहेर आलं, आणि त्याच्याबरोबर तळहाताएवढा धुळकट कागद. कागदावर त्यांचंच बारीक अक्षर होतं.

‘मुलगा तोंडाने शिट्टीवर गाणी वाजवतो. बाईंना त्याचं फार कौतुक.’ आणि खाली, वेगळ्या शाईत: ‘मुलगा गेला. पत्र आलं. आपण विषय काढू नये. त्या बोलल्या तर ऐकावं.’

लाँड्रीवाल्या बाईंच्या कार्डाची पाठ होती ती, म्हणजे मागे चिकटवलेला कागद. ती इथे असेल, तर त्यांच्या कार्डाला मागून काय चिकटलंय? मास्तरांनी वरचा खण ओढला, सतरावं कार्ड काढलं आणि उलटवलं. मागे लिहिलं होतं, ‘लग्न केलं नाही. पहाटे चारला जाग येते.’ हे बसड्रायव्हरचं. अठरावं कार्ड बसड्रायव्हरचं, त्याच्यामागे शिंप्याच्या अंगठ्याची हकिगत. एकोणिसावं शिंप्याचं, त्याच्यामागे शाळेतल्या प्रयोगशाळेच्या बाई.

मास्तर खाली बसले ते बसलेच. आपण काय करून ठेवलंय हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

ही कार्डं म्हणजे ताईंचं सगळं राजकारण होतं. निदान मास्तर तरी तसं मानत आले होते. ताई खासदार व्हायच्या आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या, अशी सतरा वर्षं त्यांनी लोकांना लोकांशी जोडून दिलं. ऑपरेटर बायकांच्या संपात त्या पुढे आल्या आणि एकोणचाळिसाव्या वर्षी निवडणुकीला उभ्या राहिल्या. पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी एक नियम केला, आणि तो आठ निवडणुका जिंकल्या तरी मोडला नाही. कोणाकडूनही ऑपरेटरच्या एका दिवसाच्या पगारापेक्षा जास्त वर्गणी घ्यायची नाही, आणि ती मागायची तर स्वतः फोन करून मागायची. मधे माणूस नको. खासदाराच्या सरकारी कचेरीतल्या फोनवरून वर्गणी मागायला कायद्याची बंदी होती, म्हणून घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरची ही दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली. ज्याने ज्याने दिलं त्याचं नाव आणि रक्कम लिहून यादी खाली दुकानाशेजारच्या भिंतीवर चिकटवायची. लोक येता-जाता थांबून आपलं नाव वाचत, मग शेजाऱ्याचं शोधत.

विरोधकांनी ताईंचं नाव ‘चिल्लरबाई’ पाडलं. ताईंनी ते आवडीने लावून घेतलं. एकदा पुलांचा एक मोठा ठेकेदार जाड पाकीट घेऊन जिना चढून आला होता. ताईंनी पाकीट उघडलं, त्यातून एका दिवसाचा पगार मोजून काढला, पावती फाडली आणि पाकीट परत त्याच्या हातात दिलं. “बाकीचं पुलात घाला,” त्या म्हणाल्या. “सिमेंट कमी पडतंय असं ऐकते.” ठेकेदार उतरताना दोन पायऱ्या चुकला, असं खालचे घड्याळजी अजून सांगतात.

एवढ्याएवढ्या रकमांनी निवडणूक लढवायची तर माणसं हजारोंनी लागतात, आणि ती दर चार वर्षांनी पुन्हा द्यायला तयार असावी लागतात. ती द्यायची, कारण ताईंना ती लक्षात असायची. चार हजार तीनशे माणसं. कोणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, कोणी दुकान बदललं, कोणाची मुलगी पोहायला शिकली. लोक चकित व्हायचे. मास्तर मात्र मनातल्या मनात हसायचे, कारण ही स्मरणशक्ती सहा खणांच्या लाकडी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. ते एक्स्चेंजमध्ये नोंदी ठेवणारे कारकून होते, पहिल्या निवडणुकीपासून ताईंबरोबर. कार्डाच्या पुढच्या बाजूला नाव, धंदा, नंबर, वर्गणी. मागच्या बाजूला, ज्याला ते ‘पाठ’ म्हणत, माणसाच्या गोष्टी. जाहीर कधी बोलले नाहीत, पण आपण नसतो तर ताई दुसऱ्याच निवडणुकीत पडल्या असत्या, असं त्यांना वाटे. त्यांच्याजवळ अभिमान म्हणावा असं तेवढं एकच होतं.

कार्डंही चिल्लर पक्षाला शोभतील अशीच. पहिल्या वर्षी जाड कागद परवडला नाही, म्हणून एक्स्चेंजमधली, कॉल नोंदायची, एका बाजूने छापलेली रद्द तिकिटं आणली. दोन तिकिटं छापील बाजू आत ठेवून खळीने एकमेकांना चिकटवली की झालं कार्ड. पुढे पैसे आले तरी मास्तरांनी पद्धत बदलली नाही.

महिन्यापूर्वी छपरावरची टाकी वाहून गेली आणि पाणी वरच्या खणात झिरपलं. खळ सुटली. दोनशे बारा कार्डांची चारशे चोवीस पानं झाली. मास्तरांनी एका टेबलावर पुढच्या बाजू ओळीने मांडल्या, दुसऱ्यावर पाठी, आणि पंखा लावून वाळवल्या. मग तीन दिवस बसून परत चिकटवल्या. चिकटवताना लिहिलेली बाजू खाली असते, वाचायचा प्रश्नच नव्हता. शेवटी एक पाठ कमी पडली. शेवटचा माणूस नवा होता, त्याची पाठ कोरीच असणार, कोरा कागद पाण्यात विरघळला असेल, असं म्हणून त्यांनी एक नवा कोरा कागद लावला आणि हात धुतले.

आता कळलं. कोरा कागद कुठे गेला नव्हता. सतराव्या कार्डाची पाठ पंख्याने उडाली होती, आणि तिथून पुढे प्रत्येक माणसाला पुढच्या माणसाचं आयुष्य चिकटलं होतं. एकशे पंच्याण्णव माणसं. त्यातल्या एकशे चाळीस जणांना ताईंचे फोन होऊनही गेले होते.

एरवी मास्तर समोर बसून दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकत असत. यंदा ताईंनीच त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. “तुझ्या खोकल्यामुळे लोकांना वाटतं मीच आजारी आहे,” म्हणाल्या. मास्तरांना जरा लागलं होतं. सकाळी त्यांनी चाळीस जणांची नावं आणि नंबर वाचून दाखवायचे, कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवायचा आणि दार ओढून घ्यायचं. चार वाजता ताई हाक मारत, आणि कोणी किती दिले तेवढं एकेक सांगत. ते मास्तर वहीत उतरून घेत.

म्हणजे ताईंनी बिनलग्नाच्या ड्रायव्हरला अंगठ्याबद्दल विचारलं असणार, आणि शिंप्याला प्रयोगशाळेबद्दल. लोक काय म्हणाले असतील? तेहतीस वर्षं जपलेली माणसं, आणि बाई आता कोणालाही काहीही विचारते! नववी निवडणूक सात आठवड्यांवर आली होती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“अहो, चहापत्ती कुठल्या डब्यात आहे हे तुम्हाला अजून विचारावं लागतं,” ती म्हणाली. “तुमच्या हाती चार हजार माणसं दिली, त्या बाईची कमाल आहे.”

“चेष्टा सुचतेय तुला.”

“मग काय रडू? उद्या रविवार. ताई नसतात. एकेकाला फोन करा आणि सांगा, चूक माझी, ताईंची नाही.”

“आणि ताईंना?”

“त्यांना सोमवारी सांगा. आधी माणसं सांभाळा.” मग निवडलेली भाजी बाजूला सारून म्हणाली, “काढून टाकतील का हो तुम्हाला?”

“काढायलाच हवं,” मास्तर म्हणाले. ते त्यांना मनापासून वाटत होतं, त्यामुळे जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी नऊला ते ताईंच्या खुर्चीत बसले. खुर्चीत बसायची ही पहिलीच वेळ, म्हणून पुढच्या काठावरच टेकले. लाँड्रीवाल्या बाईंना पहिला फोन करायचा धीर होईना. बसड्रायव्हरपासून सुरुवात केली.

“कार्डमास्तर? अरे वा, आज खुद्द मास्तर! परवाच बोललो ताईंशी. दिले की पैसे.”

“तसं नाही. ताईंनी काही... म्हणजे भलतंच काही विचारलं असेल तर...”

“भलतंच कसलं? अजून पहाटे चारला जाग येते का, विचारलं. म्हटलं येते. तर म्हणाल्या, उठून काय करता, बस तर नाही. म्हटलं, गच्चीत जाऊन पहिल्या बसची वाट बघतो, वेळेवर येते का ते. खूप हसल्या.”

मास्तरांनी हातातलं कार्ड उलटवून पाहिलं. मागे अंगठा. चारची जाग या कार्डावर नव्हतीच.

शिंप्याने सांगितलं, ताईंनी अंगठ्याचं विचारलं. बारा वर्षांपूर्वी सुई तुटून आत राहिली होती, थंडीत दुखते का म्हणून. प्रयोगशाळेच्या बाईंकडे तर फोन त्यांच्या बहिणीने उचलला होता. ती नुसतं “हॅलो” म्हणाली, आणि ताई म्हणाल्या, “तुम्ही धाकट्या ना? आलात का परत?” ती बहीण त्याआधी एकदाच ताईंशी बोलली होती, वीस वर्षांपूर्वी, तोही चुकून तिनेच उचललेला फोन. “आम्ही दोघी तोंडात बोट घालून बसलो मास्तर,” बाई म्हणाल्या. “तुम्ही लिहून ठेवलं होतंत का?”

मास्तरांनी लिहून ठेवलं नव्हतं. त्यांना ती बहीण आहे हेच ठाऊक नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी तेवीस जणांना फोन केले. प्रत्येक कार्ड चुकीचं होतं आणि प्रत्येक माणसाला बरोबर तेच विचारलं गेलं होतं. सुरुवातीला त्यांना सुटल्यासारखं वाटलं. दहाव्या फोननंतर अंगावर काटा यायला लागला. एखाद्या विहिरीत आपण वर्षानुवर्षं घागरीने पाणी ओतत राहावं, आणि एक दिवस वाकून बघावं तर खाली तळ न लागणारं पाणी, तसं काहीतरी. आपल्या घागरीने तिच्यात काय भर पडली, हा विचारही त्यांच्या मनात आला. तो त्यांनी बाजूला ठेवला.

शेवटी सतरावं कार्ड. लाँड्रीवाल्या बाईंनी फोन उचलला तेव्हा मागे वाफेचा फुसकारा ऐकू येत होता.

“तुमच्या ताईंना सांगा, माझं कार्ड फाडून टाका.”

“काय झालं?”

“मुलाचं विचारलं. हसून विचारलं, शिट्टी काय म्हणतेय आमच्या कलाकाराची. मी ठेवून दिला फोन.” मागे पुन्हा वाफ फुसकारली. “पत्र घातलं होतं मी तुम्हाला. आठ महिने झाले. सगळ्यांना कळवलं नव्हतं, तुम्हाला कळवलं होतं.”

“आलं होतं पत्र,” मास्तर म्हणाले. “माझ्या हातून...” पण फोन ठेवलेला होता.

सोमवारी ताई जिना चढून आल्या. सत्तरी उलटली तरी कठड्याला हात लावत नसत, यंदा लावत होत्या. मास्तरांनी त्यांना बसूही दिलं नाही. टाकी, खळ, पंखा, सतरावी पाठ, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

ताईंनी किल्लीकडे पाहिलं नाही. “लाँड्रीवाल्या बाईंचा मुलगा गेला?” त्यांनी विचारलं.

“हो. मी लिहिलं होतं. पण पाठ उडाली, म्हणून तुम्ही वाचलं नाहीत.”

“ती जागेवर असती तरी वाचलं नसतं.” ताई खुर्चीत बसल्या. “दार लावून घे. खोकला आला तर येऊ दे.”

मग त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं आणि डोळ्यांसमोर धरलं. “यात मला कडा दिसतात. मधे कोणीतरी बोट ठेवलंय असं वाटतं. जिकडे बघावं तिकडे ते बोट आधी जाऊन बसतं. दोन वर्षं झाली. आता तुझ्या तोंडाच्या जागी पण तेच आहे. कान दिसतात तुझे. मोठे आहेत, पूर्वी लक्षात आलं नव्हतं.”

मास्तरांना हसावं की काय करावं समजेना. “पण नंबर? रोजचे चाळीस नंबर?”

“तू सकाळी वाचतोस की.”

“एकदाच वाचतो!”

“एक्स्चेंजमध्ये काय दोनदा सांगायचे? एकदा ऐकायचं, लावायचं. बोटांना बोर्ड माहीत असतो.” हे त्या अशा सुरात म्हणाल्या, की जसं प्रत्येकालाच जमतं. “माणूस आवाज घेऊन येतो. आवाजाला त्याची सगळी हकिगत चिकटलेली असते. तुझ्या खळीपेक्षा घट्ट.”

मास्तर उभेच होते. बाजूला ठेवलेला विचार आता अडवता येईना. “मग ताई, तेहतीस वर्षं मी हे कशासाठी लिहीत होतो?”

ताईंनी कार्ड खाली ठेवलं, बोटाने त्याची कड चाचपली.

“पहिली काही वर्षं वाचायची मी. नंतर वाचायची गरज वाटेनाशी झाली. मला वाटलं, आपल्याला सगळ्यांचं सगळं माहीत आहे. आता बघ, जे लोकांनी मला सांगितलं ते राहिलं माझ्याकडे. पण त्या बाईने ते सांगितलं नाही, लिहिलं. बोलवत नव्हतं म्हणून लिहिलं. ते तुझ्याकडे आलं, आणि मी तुला दाराबाहेर बसवलं होतं.” त्या उठल्या. “चल.”

“कुठे?”

“लाँड्रीत. आणि ती किल्ली कमरेला लाव, हरवेल.”

लाँड्री दोन रस्ते पलीकडे होती. लांबट दुकान, छताला टांगलेल्या कपड्यांच्या रांगा, प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी. बाई पाठमोऱ्या इस्त्री करत होत्या. वळून पाहिलं आणि परत शर्टाकडे वळल्या.

ताई काउंटरपाशी उभ्या राहिल्या. मास्तरांनी तोंड उघडलं तसा त्यांनी त्यांच्या दंडाला हात लावला.

“तुमचं पत्र आलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या माणसाने ते लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नाही, कारण मला दिसत नाही. ते मी कोणालाच सांगितलं नाही. आज तुम्हाला दोघांना सांगतेय.”

“चिकटवताना चूक माझी झाली,” मास्तर मधेच म्हणाले. त्यांना राहवलंच नाही.

“तुम्ही थांबा हो मास्तर,” लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या. इस्त्री उभी करून ठेवली. “दिसत नाही म्हणजे किती?”

“तुम्ही हातात काहीतरी पांढरं धरलंय.”

“शर्ट आहे. कॉलर दिसते?”

“नाही.”

“आणि उभ्या राहताय. लोकांकडून पैसे घेताय. आम्ही कोणाला देतोय ते आम्हाला माहीत नको?”

“हवं,” ताई म्हणाल्या. “निवडणूक झाली की सांगणार होते.”

“म्हणजे आमचे पैसे घेऊन झाल्यावर.”

मास्तरांनी आठ निवडणुकांत ताईंना कधी नमलेलं पाहिलं नव्हतं. सभेत, संसदेत, ठेकेदारासमोर, कुठेच नाही. आता त्या एका काउंटरपुढे मान खाली घालून उभ्या होत्या.

“मी यंदा देणार नाही,” लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या.

“नका देऊ.”

“पुढचं पुढे बघीन.”

“बरं.”

ताई तरी हलल्या नाहीत. बाईंनी शर्टाची घडी घातली, चिठ्ठी लावली, दुसरा शर्ट घेतला. तो अर्धा झाला तेव्हा त्या शर्टाकडे बघतच बोलायला लागल्या. मुलगा एकवीस वर्षांचा होता. लोकांचे कपडे सायकलवरून पोचवायचा, आणि रस्त्याने शिट्टी वाजवत यायचा. कोपऱ्यावर आला की आईला कळायचं, आणि ती चहा ठेवायची. ताप आला, पाच दिवसांत गेला. सहाव्या दिवशी गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडले होते, ते तिने स्वतः नेऊन दिले. ताई ऐकत होत्या. “हं” सुद्धा म्हणत नव्हत्या, तरी त्या ऐकताहेत हे दुकानभर जाणवत होतं. भट्टीजवळ उभं राहिल्यावर अंगाला धग लागते, तसं. मास्तरांनी तेहतीस वर्षं ताईंना फोनवर ऐकताना पाहिलं होतं. समोरच्या माणसाला ते कसं वाटत असेल, हे त्यांना आज कळलं. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि थांबला.

बाईंनी ते पाहिलं. “लिहा,” त्या म्हणाल्या. “त्याला कोणतं गाणं यायचं, ते सगळं सांगते. नीट लिहा. आणि या वेळी घट्ट चिकटवा.”

परत येताना ताई कठड्याला धरून जिना चढल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “आतापर्यंत किती जणांनी दिले?”

“एक हजार सहाशे बारा.”

“सगळ्यांना परत फोन लावायचे. आधी डोळ्यांचं सांगायचं. मग विचारायचं, तुमचे पैसे ठेवू की परत पाठवू.”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. “ताई, पोस्टर छापखान्यात आहेत. लोकांनी परत मागितले तर देणार कुठून? आणि विरोधकांना आयतंच...”

“त्यांना वाटायचं ते वाटू दे. पोस्टर थांबव.” त्यांनी फोन पुढे ओढला. “दुसरा रिसीव्हर घे आणि समोर बस. पाठ आधी वाचून दाखव, मग मी लावते.”

त्या दिवसापासून पाच आठवडे रोज पन्नास-पंचावन्न फोन चालले. मास्तर पाठ वाचत, ताई नंबर लावत, आणि पहिल्या वाक्यातच सांगून टाकत: “मला नीट दिसत नाही आता. वाचता येत नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.” काही जण रागावले. एका डॉक्टरांनी अर्धा तास औषधं सांगितली. बसड्रायव्हर म्हणाला, “ताई, ड्रायव्हरला दिसत नाही म्हटल्यावर मी तर पहिल्या थांब्यावर उतरलो असतो. पण कंडक्टर कोण आहे?”

“कार्डमास्तर.”

“मग बसतो. हळू चालवा.”

एकशे चार जणांनी पैसे परत मागितले. ज्याने मागितले त्याला त्याच दिवशी मनीऑर्डर. त्यांच्या पाठीवर याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, अशी ताईंची सक्त ताकीद होती. भिंतीवरच्या यादीतून नावं खोडली नाहीत, पुढे फक्त ‘परत’ असं लिहिलं. यादीपुढे थांबणारे लोक वाढले. ‘चिल्लरबाई आता चाचपडबाई’ असं विरोधकांचं पत्रक निघालं, ते ताईंनी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, जोर नाही यात, पूर्वी बरे लिहीत.

नवव्यांदा निवडून येतील की नाही, ते मास्तर सांगू शकले नसते. कोणीच सांगू शकलं नसतं. पाचव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी यादी संपली तेव्हा चार वाजले होते. मास्तरांचा कान लाल झाला होता. आज दिवसभर ते समोर बसून प्रत्येक शब्द ऐकत होते, त्यामुळे सांगण्यासारखं काही उरलं असेल असं त्यांना वाटलं नाही. तरी सवयीने वही उघडली.

“लिही,” ताई म्हणाल्या. “नववा फोन. पुस्तकं बांधणारे.”

“त्यांनी काही सांगितलं नाही ताई. ठेवा म्हणाले पैसे, एवढंच.”

“त्यांच्यामागे नेहमी बायको गुणगुणत असते. आज नव्हती. आणि खोली मोकळी वाटत होती, आवाज भिंतीवरून परत येत होता. सामान हललंय तिथलं. उद्या जाऊन बघू या.” त्यांनी डोळे मिटले. “तेरावा. त्या मुलीने दम घेऊन उत्तर दिलं, तीन-तीनदा. दिवस गेलेत बहुतेक. घरी सांगितलेलं नाही अजून, आपणही विचारायचं नाही. सतरावा...”

मास्तरांनी दिवसभर कान देऊन ऐकलं होतं. यातलं त्यांनी काहीही ऐकलं नव्हतं. ते लिहीत गेले. पान भरलं, उलटलं, तेही भरत आलं, आणि ताई अजून विसाव्या फोनवरही पोचल्या नव्हत्या.